उघडा ताणा

दुपारच्या जेवणानंतरची वेळ. वैजयंताचे डोळे धड मिटलेले नाहीत, धड उघडेही नाहीत. भिंतीकडेच्या लाकडी बाकावर ती आडवी झाली आहे, अंगावर स्वतःचाच कोट ओढून. खिडकीखाली समुद्राचं पाणी डोंगरांच्या मधून पार आतवर आलेलं आहे आणि त्या पाण्यावरचा उजेड वर छतावर हलतो आहे. नॉर्वेतला मे महिना. ऊन आहे, ऊब नाही. छताकडे बघता बघता तिला वाटायला लागतं की पाणी वर आहे आणि आपण त्याच्या तळाशी पडलो आहोत. वाटू दे, असं ती मनाशी म्हणते. जरा पाठ टेकते, एवढंच.

खोलीच्या मधोमध लांब टेबलावर मारेन हाउगेचं विणलेलं चित्र पसरलेलं आहे. सगळं लोकरीचं, चांगलं भिंतभर मोठं. पिवळ्या-तपकिरी दलदलीचा माळ, वर करडं आभाळ आणि माळावर पाठमोऱ्या उभ्या दोन बायका. दोन म्हणायच्या, पण विणलेली एकच. दुसरीच्या जागी नुसता ताणा आहे. उभे धागे तेवढे दिसतात, आडवा एकही भरलेला नाही, आणि मधून टेबलाचं लाकूड डोकावतं. आकार मात्र बाईचाच आहे. खांदे, कंबर, खाली घोळदार झगा.

मारेन हाउगेला जाऊन नव्वदएक वर्षं झाली. संग्रहालयाच्या जिन्यात तिचा फोटो आहे. डोक्यावर रुंद टोपी, पायांत पुरुषांचे बूट, गुडघ्यापर्यंत चिखल. ती दलदलीत उभी राहून चित्रं काढायची. तिच्या तरुणपणी तिच्या देशात चित्रकलेचं मोठं शिक्षण बायकांसाठी नव्हतंच, म्हणून ती म्युनिकला गेली, तिथे शिकवणी लावून शिकली. तिथेच तिला योहाना भेटली, तीही चित्रकार. दोघी परत आल्या, एका घरात राहिल्या, आणि जन्मभर दोनच कामं करत राहिल्या. चित्रं काढायची, आणि बायकांना मत मिळावं म्हणून हिंडायचं. म्हातारपणी मारेन मागावर बसली, आणि हे चित्र विणता विणता गेली.

दुसरी बाई म्हणजे योहाना असावी, असं सगळे मानतात. ती जागा तशी का राहिली, याबद्दल मात्र कुणाचं कुणाशी जमत नाही.

आणि आज तोच प्रश्न वैजयंताच्या गळ्यात पडला आहे. या उन्हाळ्यात संग्रहालय मोठं प्रदर्शन भरवतंय. कार्यकारिणीचं म्हणणं, रिकामी जागा साध्या करड्या लोकरीने भरून टाका, बघणाऱ्याला वाटतं चित्र फाटलंय. विभागाची प्रमुख बेरित साठीची आहे, शांत स्वभावाची. तिने सकाळी स्पष्ट सांगितलं, "वैजा, सुई तुझ्या हातात आहे. तू सांगशील ते मी त्यांना संध्याकाळी कळवीन. पण एकदा भरलं की भरलं. मग मागे फिरता येणार नाही."

वैजयंता सनगर कोल्हापूरकडच्या एका गावातली. तिच्या घरात पिढ्यान् पिढ्या घोंगडी विणत आले. ती शिकली, पुण्याला गेली आणि जुनी वस्त्रं सांधायचं काम करू लागली. विरलेले शालू, उंदरांनी कुरतडलेले गालिचे, कुणा सरदाराचा अंगरखा. हात चांगला म्हणून नाव झालं, आणि नाव झालं म्हणून इतक्या लांबून बोलावणं आलं. लोकर तिला जन्मापासून ठाऊक. पण मारेन हाउगेला काय हवं होतं, हे लोकर कसं सांगणार?

जेवताना दादाचा, तिच्या थोरल्या भावाचा, गावाहून फोन आला होता.

"कुणाचं काम करतीयास म्हणालीस?"

"मारेन म्हणून एक बाई होती."

"मारेन? नाव हाय का दम देतीया?"

ती हसली. लई दिवसांनी पोटातून हसली. मग दादा सहज बोलून गेला, "काल आई आलती सपनात. हिरवं लुगडं नेसल्याली. म्हणली, म्हशीला पाणी दाव."

तिचा घास तोंडातच राहिला.

आई गेल्या दिवाळीत गेली. वैजयंता उशाशी होती, आईचा हात तिच्या हातात होता. बोलायचं राहून गेलं असं काही नव्हतं. पण तेव्हापासून आई एकदाही तिच्या स्वप्नात आलेली नाही. दादाच्या येते. शेजारच्या हौसाक्काच्या स्वप्नात तर येऊन चहा पिते आणि साखर कमी पडली म्हणून सांगते. वैजयंता रोज डोळे मिटताना मनातल्या मनात हाक मारते, आणि रोज सकाळी रिकामीच जागी होते. हौसाक्काचा हेवा वाटावा, असं या वयात होईल हे तिला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

आताही ती हाक मारते. आई. छतावरचं पाणी एकदा हलतं आणि थांबतं.

टेबलाच्या पलीकडे कुणीतरी स्टूल ओढतं.

"ह्यो टाका तुझा?"

वैजयंता उठून बसलेली आहे. कधी उठली ते तिला कळलेलं नाही. समोर एक म्हातारी वाकून चित्राची कड न्याहाळते आहे. रुंद टोपी, चिखलाचे बूट. बुटांखाली फरशीवर पाण्याचं तळं साचत चाललंय.

"व्हय, माझा," वैजयंता म्हणते. आपण गावाकडचं बोलतोय याचं तिला नवल वाटत नाही. ही बाई आईच्या बोलीत बोलते आहे, याचंही नाही. 

"बरा हाय. जरा घट्ट वडतीस. लोकरीला श्वास घिऊ द्यावा." म्हातारी कडेवरून बोट फिरवते. "तू मला न्हवतीस बलवत."

"न्हाई," वैजयंता खरं ते सांगते. "आईला बलवत हुते."

"म्हायती हाय मला. ऐकू येतं." मारेन टोपी सरळ करते. "पर मी आले."

वैजयंता त्या रिकाम्या जागेकडे बोट करते. विचारून घ्यावं, परत वेळ मिळेल न मिळेल. "ही जागा भरायची का हो? संध्याकाळी सांगायचं हाय मला."

मारेन स्टूल मागे सारते. ती दाराकडे निघाली आहे. "चल भायेर. आत बसून माळाचं काय कळतंय?"

दारापलीकडे जिना असायला हवा, पण तिथे दलदल आहे. पाय टाकला की जमीन खाली जाते आणि उचलला की वर येते, झोपलेल्या जनावराच्या पोटासारखी. सगळीकडे बुटकं तपकिरी गवत, मधूनमधून पांढरे कापसासारखे तुरे. वैजयंताच्या पायांत नुसते मोजे आहेत. गार पाणी बोटांमधून वर येतं, पण बोचत नाही.

"हितं उभी ऱ्हायची मी," मारेन सांगते. "दिवसभर. लोक म्हणायचे, बाईचं डोकं फिरलंय, चिखलाची चित्रं काढती. डोंगर काढ म्हणायचे, धबधबा काढ. मी म्हणायची, डोंगर सगळ्यास्नी दिसतो. चिखलाकडं कोण बघणार?" ती एका खडकाशी वाकते, त्यावरची करडी पापुद्र्यासारखी बुरशी नखानं खरवडते आणि वैजयंताच्या तळहातावर ठेवते. "ह्याचा रंग येतो. उकळलं की तांबूस-तपकिरी."

वैजयंता हुंगून बघते. "हे तर दगडफूल! आमी मसाल्यात घालतो."

"खाता?" मारेन थक्क होते, आणि मग इतकी मोठ्यानं हसते की गवतातून एक पक्षी उडतो. "योहानाला सांगाया पायजे. ती म्हणायची, तुझ्या ह्या पातेल्यांपायी माझ्या सैपाकघरात एक दिवस इख शिजंल."

"कशा हुत्या योहानाबाई?"

"घरातल्या खोल्या काढायची. दिव्याच्या उजेडातल्या. खुर्चीत कुणी वाचत बसलंय, कुणी शिवतंय. मी सांजच्याला चिखल घिऊन घरात शिरले की वरडायची. दाराशीच थांब म्हणायची. मी थांबायची. मग ती दिवा घिऊन यायची आन् आधी माझे हात बघायची, कुठला रंग लागलाय म्हणून. चित्र मागनं." मारेन चालत राहते. "तसं कुणी परत हात बघितले न्हाईत."

माळावर एक घर आहे. मघाशी नव्हतं. लाकडी, काळपट, छपरावर गवत उगवलेलं. मारेनच्या हातात आता कागदांची गुंडाळी आहे.

"हे काय?"

"सह्या. आमचा देश सुटा व्हायचा हुता, शेजारच्या राजाच्या हातनं. तर म्हणाले, सगळ्या देशानं मत द्यायचं. सगळा देश म्हंजे गडी माणसं." ती दार ठोठावते. "मग आमी बायकांनी सह्या गोळा केल्या. लाखांनी. कुणी मागितल्या न्हवत्या. आमीच नेऊन दिल्या, की ह्या धरा, आमी बी हितंच ऱ्हातो."

दार उघडतं. उंबऱ्यात एक धिप्पाड माणूस उभा आहे, दाराच्या दोन्ही बाजूंना हात टेकून. "तिला येळ न्हाई," तो म्हणतो. "पीठ मळतीया."

मारेन हलत नाही. नुसती उभी राहते, जशी दलदलीत दिवसभर उभी राहायची. मग त्या माणसाच्या काखेखालून एक हात बाहेर येतो. कोपरापर्यंत पिठाचा. बोटं चाचपडतात, लेखणी धरतात, कागदावर नाव उमटवतात. पीठ शाईवर भुरभुरतं. हात परत आत जातो. माणसाला कळलेलंच नाही, तो अजून समोर बघतोय.

वैजयंताला हसू येतं. तो हात तिला ओळखीचा वाटतो. तिच्या गावातल्या किती बायकांचे हात असे कुणाच्या ना कुणाच्या काखेखालून पुढे आले असतील.

"आजून एक घर हाय," मारेन म्हणते.

पण पुढचं घर लाकडी नाही. पत्र्याचं छप्पर, निळा रंग उडालेलं दार, आणि दाराची कडी खालून उचलून बाजूला सरकवावी लागते. वैजयंताला ती कडी पाठ आहे. माळही आता दलदलीचा नाही. खाली कोरडी तांबूस माती, लांब कुठेतरी मेंढरं ओरडतात. हवेत चिंचोक्याच्या खळीचा वास आहे. घोंगड्याला चढवायची खळ शिजत असली की सगळ्या गल्लीला हा वास यायचा.

आणि आतून आवाज येतोय. घर्र, घर्र. चरखा.

"आई!"

ती कडी उचलते, चुकते, परत उचलते. दार आत ढकलते.

चरखा फिरतो आहे. चाकाला अजून वेग आहे, चातीवर धागा थरथरतो आहे. शेजारी पिंजलेल्या लोकरीचा ढीग, समोर बसायचं गोणपाट. गोणपाटावर कुणी नाही. चाक हळू होतं, आणखी हळू होतं, आणि थांबतं.

वैजयंता गोणपाटावर हात ठेवते. ते ऊबदार आहे.

"आत्ताच उठली," ती म्हणते. "आत्ता हितं हुती. म्हशीकडं गेली असंल. थांबूया का? यील परत."

मारेन दाराशीच उभी आहे, बुटांचा चिखल आत येऊ नये म्हणून. "मला पण आसंच हुतं," ती म्हणते. "घरात शिरलं की योहानाची खुर्ची कोमट. पेल्यातली कॉफी अर्धी. मी म्हणायची, हाय हितंच कुठंतरी, जिन्यावर, मागं अंगणात. हाक मारली की घर गप्प. किती वर्षं म्हणशील तर मरेस्तवर."

"मेल्यावर?"

मारेन बाहेर माळाकडे बघते. "शोधतीया."

वैजयंता गोणपाटावरच बसून राहते. ऊब हळूहळू जाते आहे आणि तिला हात उचलवत नाही. "सगळ्यांच्या सपनात येती ती," ती पोरासारखी तक्रार करते. "हौसाक्काच्या सुदिक. माझ्याच का न्हाई?"

"मला काय ठावं? तुझी आई हाय, तिची तऱ्हा तुला ठावं." मारेन आता आत येते, चिखल येतो तर येऊ दे अशी. तिच्याजवळ उकिडवी बसते. "मी माझंच सांगू शकते. योहाना आमच्या कायद्याच्या आदल्या थंडीत गेली. छातीचं दुखणं. बायकांच्या मताचा कायदा उन्हाळ्यात झाला. दोघींनी मत द्यायला जायचं ठरलं हुतं, टोप्या घिऊन ठेवल्या हुत्या नव्या. मी तिची घालून गेले. ढिली व्हायची मला. सारखी डोळ्यावर यायची आन् मी सारखी वर करायची. ह्या हातांनी, बग, दिवसभर तिला धरून हुते."

 मग पुढे सरकून त्या रिकाम्या जागेबद्दल स्वतःच बोलते. जागा आता इथेच आहे, भिंतीला टेकवलेली, उभ्या धाग्यांची.

"विणलं गं तिला. विणलं आन् उसवलं. परत विणलं. खांदे जमले तर मान दुसऱ्याच बाईची व्हायची. पाठमोरी तर काढायची, तरी जमंना. मग उसवताना कळायचं, नुसता ताणा ऱ्हायला की ती दिसती. आडवा धागा घातला की जाती. म्हणून ठिवली तशी. मला पुरं करायचं हुतं, न्हाई असं न्हाई. पर पुरं केलं की जाती, त्याला काय करू?"

 चरख्याच्या चातीवरचा धागा मारेन बोटाने उचलते, त्याचं टोक ओढत आतल्या खोलीत जाते. वैजयंता तिच्या मागून. आत माग आहे. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसायची जागा, वर पसरलेला काळा ताणा. तिचे वडील, आबा, इथे बसायचे, आबांच्या आधी त्यांचे वडील. घोंगडं बाजारात जायचं ते 'बाळू सनगराचं घोंगडं' म्हणून. आईनं जन्मभर सूत कातलं, पण तिचं नाव कुठल्या घोंगड्याला लागलं नाही.

"बस," मारेन म्हणते.

"मागावर बायका बसत न्हाईत आमच्यात."

"कोण म्हणतं?"

"सगळीच म्हणत्यात."

"मला पण सगळीच म्हणायची. त्यातल्या एकाचं नाव इचारशील तर आता आठवत न्हाई." मारेन खड्ड्याकडे मान हलवते. "पाय घाल आत. माती गार हाय, बरं वाटंल."

वैजयंता बसते. पाय खड्ड्यात जातात. माती खरंच गार आहे, आणि पायाने दाबायच्या पावट्या तिच्या तळव्यांना अशा लागतात की जणू तिच्याच मापाने केल्या असाव्यात. ती धोटा हातात घेते; मारेनने ओढत आणलेला धागा आडवा भरायला त्यातच आहे. एवढी वर्षं तिने दुसऱ्यांची भोकं बुजवली, दुसऱ्यांचे धागे सांधले. धोटा तिने कधी फेकला नाही. लहानपणी एकदा नुसता हात लावला होता तर आत्यानं फटका दिला होता.

ती धोटा फेकते. तो वाकडा जातो. परत फेकते. या खेपेला दुसऱ्या हाताला लागतो. ती फणी ओढते आणि धागा बसला की नाही हे बघायला त्यावरून बोट फिरवते, आणि तिचं बोट थांबतं.

धाग्यात एक जाड गाठाळ जागा आहे. थोडं पुढे आणखी एक.

आईच्या सुताला ही खोड होती. ती बोलत बोलत कातायची. बोलण्याच्या भरात हात जरा रेंगाळायचा आणि तिथे धागा जाड व्हायचा. आबा चिडायचे, "तोंड मिटून कात की!" ती मिटायची नाही. म्हणायची, "मुकं सूत कुणाला ऊब देणार?" आणि पुढचा धागा आणखी जाडाभरडा यायचा.

वैजयंता बोट सावकाश पुढे नेते. इथे आई हौसाक्काशी बोलत असणार, चार गाठी लागोपाठ आहेत. इथे हसली. इथे बराच वेळ धागा बारीक आणि सरळ, म्हणजे घरात कुणी नव्हतं, एकटीच होती, किंवा रुसली होती. आणि इथे, हा लांबट जाड पट्टा, इथे तिने चरखा जवळजवळ थांबवलाच असेल. कुणासाठी? शाळेतून येऊन दारात दप्तर टाकणारी कुणी असेल. शब्द एकही ऐकू येत नाही. पण धागा बोटाखालून सरकतो आणि आई बोलते आहे, बोलते आहे, थांबायचं नाव नाही.

"आई," वैजयंता म्हणते. या वेळी ती हाक नाही. कुणी समोर बसलेलं असताना म्हणावं तसं म्हणते.

किती वेळ जातो कोण जाणे. मान वर करते तेव्हा खोलीला भिंती नाहीत. माग दलदलीच्या मधोमध आहे, चहूकडे उन्हाळ्याचा उतरता सोनेरी उजेड, आणि मारेन थोड्या अंतरावर वाकून काहीतरी वेचते आहे. ती येते तेव्हा तिच्या ओंजळीत केशरी फळं आहेत, तुतीसारखी दाणेदार, पण मऊ आणि गोलसर.

"मुल्ते. दलदलीचं सोनं म्हणायचे. जागा कुणी कुणाला सांगत न्हाई, आईनं लेकीला सुदिक न्हाई." ती एक फळ वैजयंताच्या तोंडात घालते, कारण वैजयंताचे दोन्ही हात मागात आहेत. आंबट, मग गोड, मग पिकल्या कवठासारखा एक रानटी वास नाकात चढतो. "मी तुला दावली. आता तू गप ऱ्हा."

"मारेनबाई, तुमी मला का भेटाया आलात?"

"माझ्या कापडात तू रोज बोटं घालतीस. मला वाटलं, बगावं तरी कोण हाय." ती वैजयंताचे हात उचलते, उलटेसुलटे करून बघते. तळव्यावर काळ्या लोकरीचा रंग उतरला आहे. ती तो नीट न्याहाळते, दिव्याजवळ धरून बघावा तसा. "बरा रंग हाय," ती म्हणते.

तेवढ्यात माळाच्या पार टोकाकडून कुणीतरी हाक मारतं. किंवा पक्षी असेल. मारेनचं डोकं झटकन वर होतं. टोपी डोळ्यांवर येते आणि ती वर करते.

"ऐकलंस?"

"व्हय."

"तुला बी आलं ऐकू? खरं सांग."

"आलं. बाईचा आवाज हुता."

मारेन चालायला लागते. आधी सावकाश, मग भराभरा, म्हातारपण विसरून. गुडघ्यापर्यंत चिखलात रुततात ते बूट, उपसले जातात, परत रुततात. निरोप नाही, मागे वळून बघणं नाही. वैजयंताला तिच्या मागे जायचं आहे. तिथे योहाना असली तर बघायचंय, आणि कोण जाणे, तिथे आणखी कुणी असेल. पण पाय खड्ड्यात आहेत, अंगाभोवती धागे आहेत, आणि उठायला जावं तर आईचा धागा तुटेल. ती उठत नाही. लांब जाणारी टोपी बघत राहते, ती ठिपक्याएवढी होईपर्यंत, आणि मग त्या ठिपक्याशेजारी दुसरा ठिपका आहे की नाही हे दिसायच्या आतच—

"वैजा. वैजा, कॉफी."

बेरितचा हात तिच्या खांद्यावर आहे. छतावर पाणी हलतंय. कोट अर्धा खाली लोळतोय.

वैजयंता उठून बसते. क्षणभर तिला कुठली भाषा बोलायची ते समजत नाही. बेरित तिच्या हातात कप देते आणि शेजारी बसते. दोघी टेबलावरच्या चित्राकडे बघतात. खिडकीतलं ऊन उघड्या ताण्यातून खाली लाकडावर उतरलंय, आणि उभ्या धाग्यांच्या बारीक सावल्या पडल्या आहेत.

"कार्यकारिणीचा फोन येईल आता," बेरित म्हणते. "काय सांगू?"

"भरायचं नाही." आवाज तिचा तिलाच घोगरा वाटतो. "कडा मी पक्क्या करते, म्हणजे उसवणार नाही. पण आत एकही धागा जाणार नाही. आणि पाटीवर 'अपूर्ण' लिहू नका."

"मग काय लिहू?"

"योहानाचं नाव लिहा. मारेनच्या नावाशेजारी."

बेरित तिच्याकडे जरा वेळ बघते. का, असं ती विचारत नाही. "त्यांना पटवायला मला आवाज चढवावा लागेल," ती म्हणते, आणि ते करायला तिला आवडणार आहे हे तिच्या चेहऱ्यावर दिसतं.

वैजयंता कॉफीचा घोट घेते आणि दाढेशी काहीतरी कचकन लागतं. ती जिभेने ते पुढे आणते, बोटावर घेते. एक बी. लहान, फिकट, दगडासारखं कडक.

बेरित चष्मा कपाळावर सरकवून वाकते. "मुल्ते! कुठे मिळालं तुला? अजून धड फुलंही आली नसतील. ऑगस्टपर्यंत वाट बघावी लागते. मुरंबा खाल्लास का?"

"नाही," वैजयंता म्हणते. दुपारी डब्यात आमटी-भात होता.

बेरित हसून मान हलवते आणि फोन घ्यायला जाते. दार लागतं. वैजयंता ते बी परत तोंडात ठेवते, जिभेखाली, आणि दादाला फोन लावते. तिकडे संध्याकाळ होत आली असणार. मागून म्हशीच्या साखळीचा आवाज येतो.

"काय गं? आत्ता तर बोललो."

"दादा, आईनं कातल्यालं सूत हाय का शिल्लक?"

"हाय की माळ्यावर. दोन गठळी हाईत. आबा गेल्यावर कोण इणतंय आता? कशाला पायजे?"

"इणायचंय."

"कोण इणणार?"

"मी."

 साखळी वाजते. दादा घसा साफ करतो, काही बोलायला जातो, थांबतो. तो वाईट माणूस नाही, त्याला फक्त असं काही कुणी कधी विचारलेलं नाही. शेवटी म्हणतो, "थांब. आज राच्चीला आईलाच इचारतो. आली तर."

"इचार," वैजयंता म्हणते. "आन् तिला सांग—"

 ती फोन कानाला धरून बसून राहते, दादाही तिकडे फोन ठेवत नाही, आणि जिभेखाली ते बी कडक, खरखरीत, तिथेच आहे.